बिडाचा तवा

यंदा दिवाळीपूर्वीं आमच्या घरचा माळा झाडावयास काढला, तेव्हां मोडक्या पाळण्याखालून आणि दोन जुन्या कंदिलांच्या मागून आमच्या मातोश्रींचा बिडाचा तवा निघाला. त्यावर तांबेरा इतका चढला होता कीं, हात लावतांच तळवा गेरूनें माखल्यासारखा झाला. चिरंजीवांनीं तो उचलून मोडीच्या ढिगावर ठेविला; आम्हीं तेथून काढून ओसरीवर आणिला; गृहिणींनीं तो पुन्हां ढिगावर नेला. असा त्याचा प्रवास दोन दिवस चालला होता. तिसऱ्या दिवशीं आमच्या मोठ्या नातीच्या रक्ततपासणीचा कागद हातीं आला, आणि तव्याचा निकाल त्या कागदानें लाविला.

मुलगी सोळा वर्षांची. जिना चढतांना धापा टाकी; अभ्यासास बसली कीं डोळे मिटूं लागत. हिमोग्लोबिन ९.४ निघालें, या वयाच्या मुलींत तें १२ च्या खालीं असूं नये. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, जेवणास लागून चहा घेऊं नये असें बजाविलें, आणि उठतां उठतां म्हणाले, "पूर्वीं घरोघर लोखंडाचीं भांडीं असत. असतील तर बाहेर काढा." ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नव्हे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकुणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. हा आंकडा केवळ दरिद्री घरांतून जमलेला नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

जुनें पुन्हां वापरांत आणावें, असें पुरुषांनीं ओसरीवर बसून ठरविणें फार सोपें असतें. आमच्या सूनबाईंनीं तवा दोन्ही हातांनीं उचलून पाहिला आणि शांतपणें म्हणाल्या, "मामंजी, हा पावणेतीन किलोंचा आहे. दोन्ही वेळां मिळून आपल्याकडे वीस भाकऱ्या आणि तितक्याच पोळ्या होतात. शेगडीवर चढवायचा मीं, उतरवायचा मीं, रात्रीं पुसून तेल लावायचें तेंही मींच. हलका तवा आपण कां आणला होता, आठवतें ना?" आम्हांस आठवत होतें. त्यांचें मनगट दुखूं लागलें म्हणूनच दहा वर्षांपूर्वीं नॉनस्टिकचा तवा घरांत आला होता आणि बिडाचा माळ्यावर गेला होता. आम्हीं या सदरांत आजवर जुन्या वस्तूंची पुष्कळ स्तुति केली आहे. त्यांपैकीं किती वस्तु आम्ही स्वतः घांशीत होतों, असा प्रश्न मात्र आम्हांस कोणी विचारला नव्हता.

शेवटीं असा करार झाला कीं, तवा चढविणें, उतरविणें आणि रात्रीं त्याची व्यवस्था लावणें हें काम घरांतील पुरुषांचें. एक दिवस आमचा, एक चिरंजीवांचा, एक नातवाचा. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर पाळ्या लिहिल्या गेल्या. सूनबाईंनीं करारास एक पुस्ती जोडली: पाळी चुकल्यास त्या दिवशीं भाकरी नाहीं.

या नातवाची समजूत अशी होती कीं, बिडाचा तवा म्हणजे बीड गांवाहून आणलेला तवा. त्यास आम्हीं समोर बसवून जें सांगितलें तें येथें थोडक्यांत देतों, कारण पुढील सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. लोखंड एकच, पण त्याचे संस्कार भिन्न. घिसाडी ऐरणीवर ठोकून विळा, उलथनें, कढई करतो, तें घडीव लोखंड. दिल्लीचा लोहस्तंभ असा घडीव आहे. शुद्ध लोखंड वितळावयास सुमारें १५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. परंतु त्यांत शेंकडा तीन-चार भाग कार्बन, म्हणजे कोळशाचा अंश मिसळला कीं तें बाराशे अंशांच्या आसपास पाण्यासारखें पातळ होतें आणि वाळूच्या सांच्यांत ओततां येतें. हें ओतीव लोखंड म्हणजे बीड. जो कार्बन त्यास पातळ करितो, तोच थंड झाल्यावर आंत पापुद्र्यांसारखा पसरून त्यास ठिसूळ करितो. घडीव लोखंड वांकतें, पोंचतें. बीड वांकत नाहीं, फुटतें.

महाराष्ट्रांत बिडाचें नांव नांगरानें गाजविलें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांवास लोखंडी नांगर काढिला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीनें शेतकरी त्यास हात लावीनात. पुढें तो खपला, आणि १९१० सालीं कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. आमच्या सोलापुरांतही किर्लोस्करांची बिडाची ओतशाळा आहे. तेथें इंजिनांचे आणि ट्रॅक्टरांचे भाग ओतले जातात, म्हणजे आमच्या तव्याचीं तीं थोरलीं भावंडेंच. ज्या धातूनें जमीन विषारी होईल असें वाटत होतें, तोच आज आपण मुलींच्या पोटांत जावा म्हणून शोधीत आहों.

असो. गंज काढण्याचें काम करारानें आमच्याकडे आलें. चिंचेचा दाट कोळ तव्यास फांसून घटकाभर ठेविला, नंतर काथ्यानें चोळला. मग बंबांतील राखेनें घांसला आणि धुतला. असें तीन वेळां केलें, तेव्हां खालचा करडा रंग दिसूं लागला. तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील, शिसें यांची शुद्धि क्षार, आम्ल आणि पाणी यांनीं, ज्याची जशी योग्य तशी करावी, असें मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे. चिंच हें आम्ल आणि राख हा क्षार. तें वचन आम्ही तरुणपणीं पाठ म्हणत होतों. त्याचा अर्थ कळावयास साठी उलटावी लागली. चिंच मात्र रात्रभर ठेवूं नये. गंज संपला कीं ती लोखंडासच खाऊं लागते. धुतल्यावर तवा तत्काळ विस्तवावर ठेवून खडखडीत वाळवावा. ओला राहिला तर पाहतां पाहतां पुन्हां तांबूस होतो.

आतां तेल मुरविणें. येथें आमचा पहिला प्रयत्न फसला. जितकें तेल अधिक तितका गुण अधिक, अशा हिशेबानें आम्हीं पळीभर तेल ओतलें; तें आटून पाकासारखें चिकट झालें आणि घरांतील सर्व धूळ त्यावर येऊन बसली. गृहिणींनीं तव्याकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां चिंचेची बरणी पुढें केली. दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे झालों होतों. तवा कोमट करून थेंब-दोन थेंब तेल फडक्यानें सर्वत्र चोळावें, आणि मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानें, जणूं तें चुकून लागलें होतें अशा रीतीनें, सर्व पुसून काढावें. जो अंश पुसूनही राहतो तेवढाच हवा. नंतर धूर येईपर्यंत तापवावें, निवूं द्यावें, आणि हेंच पांच-सहा वेळां करावें. तापलेल्या तेलाचे कण हवेंतील प्राणवायूच्या योगानें एकमेकांस सांधले जाऊन कठीण, काळें, गुळगुळीत असें एक कवच होतें. तें तेल राहत नाहीं. तो एक प्रकारचा रोगण होतो. म्हणून ज्या तेलांस वाळण्याचा गुण आहे तीं या कामास चांगलीं. जवसाचें फार लवकर वाळतें, पण त्याचें कवच पुढें पापुद्र्यांनीं निघतें अशी तक्रार ऐकूं येते. शेंगदाण्याचें वाळत नाहीं म्हटलें तरी चालेल. त्यास वेळ फार लागतो. आमच्या या भागांत ज्वारीच्या जोडीनें करडई पिकत आली आहे, आणि करडईचें तेल वाळणाऱ्यांपैकीं असून पूर्वीं तें रंगरोगणांतही वापरीत. आमच्या आजीच्या घरीं दुसरें तेल नव्हतें. तिचा तवा आरशासारखा असे, त्याचें श्रेय आम्ही आजवर तिच्या हातगुणास देत होतों.

पहिलें धिरडें चिकटलें. पहिलें धिरडें तव्याचें, असें मातोश्री म्हणत. तेल फिरविण्यास अर्धा कांदा उत्तम. चातुर्मासांत कांदा वर्ज्य असेल त्या घरीं नारळाची शेंडी तेलांत बुडवून घ्यावी.

मुरलेला तवा धुवावयाचा कीं नाहीं, यावर घरांत दोन दिवस वाद झाला. नुसता पुसून ठेविला तर तो खरकटा, असें आमच्या वडील वहिनींचें मत; साबण लाविला तर सर्व श्रम वाया, असें चिरंजीवांचें. दोन्ही पक्ष थोडथोडे खरे आहेत. पूर्वींच्या तीव्र क्षाराच्या साबणानें तें कवच खरोखर निघत असे. हल्लींच्या सौम्य साबणाचे दोन थेंब त्याचें कांहीं बिघडवीत नाहींत. बिघडवितो तो ओलावा. तेव्हां तवा सोसवेल इतका निवल्यावर धुवावा, लगेच पुसून विस्तवावर वाळवावा, आणि तेलाचा हात फिरवून ठेवावा. वहिनींचें समाधान झालें. पाळीवाल्यांचें काम मात्र वाढलें.

स्वयंपाकाच्या दृष्टीनें पाहतां बीड हें उष्णतेचें आळशी वाहक आहे. तांबें त्याच्या सात-आठ पट आणि ॲल्युमिनियम चौपट वेगानें उष्णता वाहून नेतें. म्हणून बिडाचा तवा एकदम मोठ्या आंचेवर ठेविला तर मध्यें जळतो आणि कडेस थंड राहतो. मंद आंचेवर सहा-सात मिनिटें धीर धरावा. एकदां तापला कीं मात्र त्याच्या जडपणांत इतकी उष्णता सांठते कीं, थंड, ओली भाकरी टाकिली तरी तो डगमगत नाहीं. भाकरीस पाणी फिरवावें, तें आटूं लागतांच उलटावी, आणि दुसऱ्या अंगानें भाजून विस्तवावर धरावी, कीं ती टम्म फुगते. मालदांडीच्या पिठाची, थापतांनाच अंगचा गोडवा सांगणारी भाकरी हलक्या तव्यावर कधीं नीट होत नाहीं, अशी सूनबाईंचीच कबुली आहे. शिवाय नॉनस्टिकचें अस्तर २६० अंशांपुढें खराब होऊं लागतें, आणि भाकरीचा तवा कोरडा तापवावा लागतो. तेव्हां तें भांडें भाकरीचें नव्हेच. मऊ आंचेच्या कामास तें असूं द्यावें. आमच्या घरीं आहे.

आतां रक्ताविषयीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत नव्या लोखंडी पात्रास त्रिफळेचा कल्क लेपून एक अहोरात्र ठेवावा व मग तो मधपाण्यांतून घ्यावा, असा एक रसायनप्रयोग आहे. त्रिफळेंत आंवळा, म्हणजे आम्ल. पात्र नवें, म्हणजे कवच नसलेलें. आणि वेळ आठ प्रहर. १९८६ सालीं अमेरिकेंत ब्रिटिन आणि नॉसमन यांनीं लोखंडी भांड्यांत शिजविलेल्या पदार्थांतील लोह मोजून जो निष्कर्ष काढिला, तो याहून फार निराळा नाहीं: पदार्थ जितका ओला, जितका आंबट आणि जितका अधिक वेळ शिजणारा, तितकें लोह त्यांत अधिक उतरतें. इथिओपियांतील एक प्रयोग १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ज्या मुलांचें अन्न लोखंडी भांड्यांत शिजे त्यांचें हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजविलेलें अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षां अधिक वाढलें.

यांतून जें निघतें तें आम्हांस प्रथम रुचलें नाहीं. भाकरी कोरडी, क्षणांत होणारी, आणि तवा कवचानें झांकलेला. तिच्यांत लोह उतरणार तें नांवापुरतें. जो तवा आम्हीं नातीसाठीं म्हणून माळ्यावरून काढिला, तो उत्तम मुरला तितका नातीच्या औषधास निरुपयोगी झाला! आंबट पदार्थ त्यांत शिजवावे तर लोह मिळेल, पण कवच जाईल आणि भाजी काळी पडेल. एकाच भांड्याकडून दोन्ही सेवा घेतां येत नाहींत. म्हणून घिसाड्याकडून एक साधी घडीव कढई निराळी घेतली, आणि आठवड्यांतून दोन-तीनदां अंबाडीची भाजी, आंबट चुका, टोमॅटोची भाजी तिच्यांत होऊं लागली. शिजतांच ती दुसऱ्या भांड्यांत काढावी. तशीच ठेविल्यास रंग शाईसारखा होतो आणि चवीस लोखंडाची धार येते. ज्यांच्या घरीं थॅलेसेमियासारखा रोग असेल, त्यांनीं मात्र वैद्यास विचारल्यावांचून असल्या भानगडींत पडूं नये. त्यांच्या शरीरांत लोह आधींच सांठत असतें.

पौषांत एका स्नेह्यांच्या शेतावर, सीनेच्या कांठीं, हुरड्यास जावयाचें ठरलें. यंदा रात्रीं तेथेंच राहावें असा मुलांचा आग्रह, म्हणून तंबूही बरोबर घेतला. सतरा माणसें, आणि भांडीं तवा, कढई, एक पातेलें एवढींच. उघड्यावरच्या विस्तवास लोखंडासारखा सोबती नाहीं. कल्हईचें कथील २३२ अंशांवर वितळतें, तेव्हां पितळी भांडें जाळावर कोरडें राहिलें कीं कल्हई गेली. नॉनस्टिकचें नांवच नको. लोखंड निखाऱ्यांत खुपसलें तरी तक्रार करीत नाहीं. तीन दगड मांडले. तुराट्यांचा जाळ भडकून विझतो, त्यावर तवा तापत नाहीं, नुसता काळवंडतो. म्हणून आधीं बाभळीचीं लांकडें पेटवून निखारे पाडले आणि मग तवा चढविला. पिठलें, भाकरी, थालीपीठें झालीं. कढईंत रवा, गूळ, दहीं, तूप कालवून वर घट्ट झांकण आणि झांकणावर निखारे ठेवून रोट भाजला. खालीं-वर विस्तव ठेवण्याची ही आपली जुनी रीत. अमेरिकेंत रानांत राहणारे लोक ज्यास डच ओव्हन म्हणतात, तें बिडाचें तीन पायांचें, निखारे सांडूं नयेत म्हणून झांकणास उभा कांठ असलेलें भांडें याच कामासाठीं आहे. इंग्लंडांत एब्रहाम डार्बीनें वाळूच्या सांच्यांत बिडाचीं भांडीं ओतण्याचें पेटंट १७०७ सालीं घेतलें, तेव्हांपासून असलीं भांडीं तिकडे स्वस्त झालीं. रोट खालून थोडा करपला. मुलांनीं तोच भाग आधीं संपविला.

त्या रात्रीं तव्याची पाळी आमची होती. थंडी वाढली होती. तवा निखाऱ्यांवर तसाच राहिलेला, आणि आम्हांस अंथरुणांत शिरण्याची घाई. निवेपर्यंत कोण थांबणार? बादलींत विहिरीचें पाणी होतें. एक तांब्या ओतला. वाफेचा लोट उठला, आणि त्यांतून खण् असा एकच आवाज आला.

उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात आणि थंडीनें आकुंचन पावतात, हें आम्हीं तीस वर्षें फळ्यावर लिहिलें. वरचा पृष्ठभाग एकदम आंखडतो, खालचा तापलेलाच असतो, ठिसूळ धातूस तो ताण सोसत नाहीं. नातवास हें दोन महिन्यांपूर्वीं समोर बसवून सांगितलें होतें. तो कंदील घेऊन आला. तव्याच्या कांठापासून आंत चार बोटें लांब, केंसासारखी बारीक भेग गेली होती. तो कांहीं बोलला नाहीं. गृहिणी म्हणाल्या, "सासूबाईंनीं चाळीस वर्षें वापरला हो." आणि तंबूंत गेल्या.

परत आल्यावर तवा घेऊन आम्ही अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत एका कारागिराकडे गेलों. बिडास जोड देतां येतो, पण सर्व वस्तु आधीं सावकाश तापवावी लागते आणि निकेलची कांडी लागते. अन्नाच्या भांड्यास तो उपाय त्यानें नको म्हटलें. त्याऐवजीं भेग जेथें संपत होती नेमकें तेथें त्यानें एक बारीक भोंक पाडून दिलें. भेगेच्या अणकुचीदार टोंकावर सर्व ताण एकवटतो आणि ती पुढें सरकते. टोंकाशीं गोल भोंक असलें कीं ताण वांटला जातो आणि ती थांबते. दहा मिनिटांचें काम. त्या भोंकास आम्हीं पुन्हां आंतून-बाहेरून करडईचें तेल मुरविलें आहे.

माघांत नातीची पुन्हां तपासणी झाली, हिमोग्लोबिन ११.६ भरलें. हें श्रेय मुख्यतः गोळ्यांचें, कांहीं चहा सोडल्याचें, आणि उरलेलें असलेंच तर अंबाडीच्या कढईचें. गोळ्या डॉक्टरांनीं आणखी तीन महिने चालू ठेवावयास सांगितल्या आहेत.

धिरडीं आतां त्या तव्यावर होत नाहींत, पीठ भोंकांतून खालीं उतरतें. त्यासाठीं दोन किलोंचा लहान नवा तवा घेतला आणि तो नातू मुरवीत आहे. भाकऱ्या जुन्यावरच होतात. भेगेची बाजू आंचेच्या मधोमध येऊं न देतां भिंतीकडे ठेवावयाची, एवढा एक नियम दिनदर्शिकेवर पाळ्यांच्या खालीं सूनबाईंनीं लिहून ठेविला आहे, आणि त्याखालीं लाल शाईनें, नांव न घालतां, तांब्या दूर ठेवावा असें लिहिलें आहे.